मनगटावरचा पट्टा

अतिदक्षता विभागाचं दार ढकलून प्रफुल्ला सिस्टर बाहेर आली. बाकावर बसलेल्या रंगरावांनी तिच्या चेहऱ्याकडे न बघता मनगटाकडे बघितलं.

चेहऱ्यावरून हल्ली काहीच कळत नसे. दवाखान्याने सगळ्या नर्सना पट्टे दिले होते. जीव कासावीस झाला की पट्टा मनगटाला मंद ऊब द्यायचा आणि मन लगेच शांत व्हायचं. कामात चुका होत नव्हत्या, घरी गेल्यावर झोपही लागायची. पण कुणाचं माणूस गेल्याचं असल्या कोरड्या चेहऱ्याने सांगणं प्रफुल्लाला पटेना. म्हणून तेवढ्यापुरता ती पट्टा काढून ठेवायची. बायको शेवंता आत असल्याने आठवडाभर त्या बाकावर बसून रंगरावांनी ते दोनदा पाहिलं होतं.

"काका, शेवंताकाकूंना..." म्हणताना तिची बोटं पट्ट्याकडे गेली.

रंगरावांनी तिचं मनगट पट्ट्यासकट घट्ट धरलं. "राहू दे पोरी, कळलं मला. तुला अजून आत जायचंय. बाकीच्यांची माणसं आहेत तिथं."

मग ते रडू लागले. त्यांच्या मुठीत पट्टा हळूहळू गरम होत गेला, आणि प्रफुल्लाचे भरून आलेले डोळे तिथल्या तिथे सुकले.