उलटा पंखा

मिस्त्रीने स्वयंपाकघराच्या भिंतीवरची जाळी काढली, आत हात घातला, आणि खांद्यापर्यंत चाचपत राहिला. खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या सुनेला धीर धरवेना.

“पंखा उलटा बसवलाय,” तो शेवटी म्हणाला. “घरातली हवा बाहेर टाकायची सोडून सामाईक पाइपातून खालच्या दोन मजल्यांची हवा तुमच्या घरात सोडतोय.”

पंखा घरमालकाने स्वतःच्या हाताने बसवला होता. तो दारात उभा राहून सगळं बघत होता.

सुनेला मात्र जग जिंकल्यासारखं झालं. सासूबाई आल्या होत्या दोन आठवड्यांसाठी, छातीच्या डॉक्टरांना दाखवायला. मोठ्या दिरांच्या गावी तसे डॉक्टर नव्हते. खोकला थांबेपर्यंत प्रवास नको, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि दोनाचे सात आठवडे झाले. घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची खाट पडली, तेव्हापासून चपला शोधायच्या तरी खाटेखाली वाकावं लागे. पहाटे साडेचारला खोकला सुरू होई. नवरा कूस बदलून घोरत राही, जागी होई ती सून. सून वाईट नव्हती. पण सातव्या आठवड्यात चांगुलपणालाही धाप लागते.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दोष कुठे आहे ते सापडल्याशिवाय तिला चैन पडत नसे. एकदा तिने जाळीसमोर पातळ कागद धरला. तो आत ओढला जायच्या ऐवजी फडफडत तिच्याच नाकावर आला. तेव्हाच तिला कळलं, खोकला छातीतला नाही, भिंतीतला आहे. घरमालकाचं म्हणणं, खिडक्या उघड्या ठेवा, हवा फुकट मिळते. खिडकीखाली बसगाड्या उभ्या राहत, त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं. तिसऱ्या अर्जाला कंटाळून त्याने मिस्त्री आणायची परवानगी दिली, पण भिंतीला एक जरी भोक पडलं तर घर खाली करायचं, या बोलीवर.

मिस्त्रीने पंखा सुलटा केला. पाइपातून काजळीचे गोळे निघाले, पाखराचं घरटं निघालं आणि सगळ्यांत शेवटी एक बनियन निघाली. घरमालकाने ती ओळखली आणि मुकाट्याने काखेत मारून खाली नेली.

दुसऱ्या दिवशी सुनेने मुद्दाम मिरच्या तळल्या. घरात कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. कागद जाळीला असा चिकटला की ओढून काढावा लागला. आणि सासूबाई खोकतच राहिल्या.

दुकानातली सवय, तिने खाटेवर बसून तपासणी केली. आता जास्त बरं वाटतं, की परवा वाटत होतं? सासूबाई डोळे मिटून विचार करत आणि म्हणत, दोन्ही सारखंच. चार दिवस हाच जबाब. पाचव्या दिवशी, शनिवारी, तिने मिस्त्रीला परत बोलावलं. कुठेतरी काहीतरी राहिलंच असणार, यावर ती ठाम होती.

मिस्त्री पाइपाचं वरचं तोंड बघायला गच्चीवर गेला, ती त्याच्या मागोमाग. त्याने टोपण काढलं, वाकून बघितलं आणि एकदम ओठांवर बोट ठेवून तिला खूण केली. खालून, स्वयंपाकघरातून, आवाज येत होते. घरमालक भिंत तपासायला आला होता. हवा फारच छान झाली की, असं तो स्वतःच केल्यासारखा म्हणाला, आणि पुढे म्हणाला की तुमचा खोकलाही गेलेला दिसतो.

“गेला कधीच,” सासूबाई म्हणाल्या. आवाज खणखणीत. “कुणाला बोलू नका. तिकडे मोठ्याकडे मला स्वतंत्र खोली आहे. दार लोटलेलं असतं, ताट वाढून आत येतं. इथे बसायला दुसरी जागाच नाही, म्हणून ही पोर संध्याकाळी माझ्याच खाटेवर टेकते आणि दिवसभराचं सगळं सांगते.”

घरमालकाने विचारलं, मग राहते म्हणून सरळ सांगत का नाही?

“आणि नको म्हणाली तर? खोकल्याला कुणी नको म्हणत नाही.”

मिस्त्रीने टोपण हळूच परत बसवलं. पाइपात काही दोष नाही ताई, एवढंच तो तिच्याकडे न बघता पुटपुटला. ती जिना उतरली. शेवटच्या चार पायऱ्या मुद्दाम चपला वाजवत उतरली. आत खोकला सुरू झाला.

मोठे दीर दर शनिवारी फोन करत. त्या संध्याकाळी नवऱ्याने उचलला आणि उत्साहाने सांगून टाकलं की हवेचं काम झालं, घर एकदम स्वच्छ. दीर म्हणाले, मग आईला आता बरं असेल, उद्या सकाळीच गाडी पाठवतो. नवऱ्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. तिला आनंद झाला असेल, या समजुतीने फोन तिच्या हातात दिला.

खाटेवर सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, छातीवर हात ठेवला, पण घाबरून घसा असा कोरडा पडला की एक ठसकाही फुटेना. डोळे भरून आले.

सून त्यांच्याशेजारी खाटेवर बसली. फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या पाठीवर थोपटत, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली, “आई, खोका.”