पहिला नंबर

प्राध्यापकांनी कॉम्प्युटरवर ग्रंथ लिहायला घेतल्यापासून दोन वर्षं घरात मोठ्याने शिंकायचीही चोरी होती. ते खोलीत शिरले की बायको हलकेच दार ओढून घ्यायची, फोनवर कुजबुजायची, आणि मिक्सर संध्याकाळी ते फिरायला गेल्यावरच लावायची.

आज सकाळी मात्र त्यांनी स्वतःच तिला आत बोलावलं. पडद्यावर रंगीत आलेख सरकत होता.

"हा प्रोग्रॅम बघ. लोकांचे घरचे कॉम्प्युटर यावर शास्त्रज्ञांची गणितं फुकट सोडवून देतात, नव्या औषधांसाठी. आमच्या कॉलेजातले चाळीस जण यात आहेत. या महिन्यात माझा पहिला नंबर."

"अरे वा. पण तुमच्या लिखाणात त्याची लुडबुड नाही होत?"

"छे, भलता समजूतदार आहे तो. मी एक अक्षर टाइप केलं किंवा नुसता माउस हलवला तरी गणितं जागच्या जागी थांबतात. मी हात काढला की मगच पुढे चालू."

"आणि दिवसाला किती वेळ चालतात?"

"सरासरी तेवीस तास पन्नास मिनिटं," प्राध्यापक छाती फुगवून म्हणाले.

"उरलेली दहा मिनिटं?"

"आपला नंबर कितवा आलाय ते बघायला लागतंच की."

तिने त्यांचं अगदी मनापासून अभिनंदन केलं. मग जाताना दार सताड उघडं ठेवलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन वर्षांत पहिल्यांदाच सकाळी अकरा वाजता मिक्सर लावला.