तिच्या आवाजाचा माइक

"हाही नको," नवरा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

दुकानदारानं निमूटपणे माइक खोक्यात ठेवला. काउंटरवर माइकांचा नुसता पसारा झाला होता. वायरचे, बिनवायरचे, कानाला अडकवायचे. आणि मधे ती उभी, तोंडी परीक्षेला बसवलेल्या पोरीसारखी.

सोमवारी नवऱ्याचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रच काढणार होते. गाडीत स्पीकर घालून दोघं लग्नाबिग्नांत डीजेचं काम करायची. गाणी ती लावायची, बोलायचा तो. रुसलेल्या व्याह्यांनासुद्धा तो बोलून बोलून नाचायला उठवायचा. आता बोलायचंही तिनंच. म्हणून तिच्या आवाजाला शोभेल असा माइक घ्यायचा, हे त्यानंच ठरवलं होतं.

"वहिनी, हा बघा. बारीक आवाज भरदार करतो."

तिनं घसा खाकरला. "मंडळी, या, सगळे मधे या!"

दुकानभर आवाज घुमला. रस्त्यानं जाणारा एकजण चक्क आत डोकावला.

"वहिनी, मैदान मारलंत!"

तिनं हरखून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता.

"हा तर मुळीच नको. किणकिणतो."

"अहो, किणकिणतो कुठे..." ती बोलता बोलता थांबली. मघापासून हेच चाललं होतं. आवाज फाटला की हा म्हणायचा, परत बोल. चांगला लागला की नाक मुरडायचा. सोमवारनंतर आपल्यावाचून सगळं सुरळीत चालेल, हेच त्याला ऐकवत नव्हतं. आणि तिच्या हातात होतं काय? डॉक्टरांपुढे हात जोडून झाले होते. दुसऱ्या डॉक्टरांपुढेही.

तिनं तोच माइक उचलला. जाळीवर मूठ गच्च आवळली आणि थेट स्पीकरसमोर जाऊन उभी राहिली.

"मंडळी..."

माइक असा किंचाळला की दुकानदारानं कानांवर हात ठेवले.

"अगं ए! इतकी वर्षं शेजारी उभी राहून हेच शिकलीस? जाळी झाकलीस तर बोंबलणारच तो!" नवरा तरातरा उठला. तिची बोटं एकेक करून खाली सरकवली. खांदे धरून तिला स्पीकरच्या मागे नेलं. हनुवटी वर उचलली.

"मला नाही जमायचं हो," ती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी मात्र खोटं नव्हतं.

तो दुकानदाराकडे वळला.

"हाच द्या बांधून," तो म्हणाला. "हिला शिकवण्यात आता माझी कितीतरी वर्षं जाणार."