सेव्ह केलेला लेक

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत नेटवर्क औषधालाही मिळत नाही. म्हणून तर इस्त्रीवालीने महिन्यापूर्वी सोबत काम करणाऱ्या मावशींच्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं होतं. घरून निघताना लेकाची स्टोरी सेव्ह करायची आणि जेवणाच्या सुट्टीत इथे निवांत बघायची. नाहीतर दिवस उलटला की ती गेलीच म्हणायची.

लेक बापाशी भांडून घराबाहेर पडला होता. नंबर बदलला, आईशीही बोलणं टाकलं; पण तिला ब्लॉक काही केलं नाही. रोज एक स्टोरी टाकायचा. कधी ताट, कधी खिडकीतलं मांजर, एकदा तर शर्टाला लावलेलं बटण.

"मांजराचं समजू शकते हो मावशी, पण बटण कोण टाकतं?" इस्त्रीवाली हसायची.

मावशींना तेवढं पुरे होतं. पोरगं जेवतंय, बटणं लावतंय, म्हणजे बरं चाललंय.

आज मात्र स्टोरीत नुसती भिंत होती आणि तिच्यावर बारीक अक्षरं. मावशींनी फोन पुढे केला.

"वाच गं."

"'एकाच माणसासाठी टाकत होतो. महिना झाला, तेही बघत नाही. आता अकाउंट बंद करतोय.'"

"कोण गं बाई हे माणूस?"

इस्त्रीवालीने घास परत डब्यात ठेवला.

"मावशी... स्टोरी कोणी बघितली, त्यांची नावं त्याला दिसतात. पण या ॲपमधून बघितलं की नाव जात नाही."

"मी तर रोज बघते. दोन-दोनदा बघते."

"त्याला नाही ना कळत ते. माझीच मेलीची अक्कल शेण खायला गेली होती. मला वाटलं, तुमची सोय होईल."

दोघी उष्ट्या हातांनीच जिना चढून वर गेल्या. नेटवर्क आलं. इस्त्रीवालीने शोधायला लेकाचं नाव टाकलं, पुन्हा टाकलं, मग फोन बंद करून चालू केला आणि परत टाकलं. असं अकाउंटच नाही, म्हणे.

मावशींना वाटलं, आता रडू फुटणार. फुटलं नाही. खाली येऊन त्यांनी हात धुतले, ड्रायरमधली चादर ओढली आणि तिची दोन टोकं इस्त्रीवालीच्या हातात दिली. दोघी घड्या घालू लागल्या.

बऱ्याच चादरी झाल्यावर इस्त्रीवालीने विचारलं.

"महिन्याभराचं सगळं सेव्ह आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की," मावशी घडीवरून हात फिरवत म्हणाल्या. "एकही चुकवलेली नाही."