खांडीवरून थेट

"आजपासून स्क्रीनवर यायचं नाही, भाविका. त्या पोस्टबद्दल आधी माफी माग, मग बघू." एवढं बोलून रोह्याहून वाहिनीच्या संपादकांनी, हरेश सरांनी फोन ठेवला.

भाविका तेव्हा गावच्या बांधावर उभी होती. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला निसवून लोंब्या आलेलं भात. केबलवर संध्याकाळच्या बातम्या सांगणारी म्हणून पेणपासून रोह्यापर्यंत लोक तिला तोंडावरून ओळखत. पण जे बातम्यांत सांगू देत नव्हते, ते तिनं काल स्वतःच्या फेसबुकवर लिहिलं होतं: 'आमच्या बांधाला दगड लागले ते फोटोपुरते. आत नुसती माती आहे. उधाणाला उत्तर कोण देणार?' बांधाचा ठेकेदार वाहिनीचा जुना जाहिरातदार. पोस्ट गावोगाव फिरली आणि तिची खुर्ची गेली.

"काय झाला गो? तोंड का पडला तुझा?" मागून येत आईनं, हौसानं विचारलं.

भाविका तोंड उघडणार तोच वरच्या अंगानं आरोळी आली, "बांध फुटला! खांड गेली, खांड!"

दोघी धावत सुटल्या. अमावास्येची भरती चढत होती. पाणी सोडायच्या उघाडीजवळ बैलगाडी जाईल एवढी खांड, एवढं भगदाड पडलं होतं आणि खारं पाणी ढेकळं लोटत शेतात घुसत होतं. 'बघा, मी म्हटलं होतं!' भाविकाची छाती आनंदानं धडधडली. मग पाण्याखाली आडवं होत जाणारं भात तिला दिसलं. ते त्यांचंच होतं. आपल्याला आनंद झाला, याची तिला तिथंच लाज वाटली.

तिचा बाप गुणाजी चारपाच जणांना घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता. बाया वरून चिखलाच्या टोपल्या देत होत्या. टाकलेला चिखल पाणी घेऊन जात होतं. माणसं पुरत नव्हती. तरणी पोरं सगळी कंपनीत, पहिल्या शिफ्टला.

फोन वाजला. हरेश सर!

"भाविका, बांध फुटला म्हणे? तू तिथंच आहेस ना? लाईव्ह दे, लगेच!"

"सर, मला काढलंय तुम्ही."

"ते नंतर बघू गं. भरतीमुळे बांध फुटला, एवढंच बोल. ठेकेदाराचा विषय नको."

"प्रणितला जोडायला सांगा," ती म्हणाली. प्रणित रोह्याच्या स्टुडिओत मशिनवर बसायचा. तिनं इयरफोन कानात घातले, फोन समोर धरला. आवाज रोजच्यासारखा खणखणीत आला.

"नमस्कार, मी भाविका. आज सकाळी या वाहिनीनं मला स्क्रीनवरून काढलं, कारण हा बांध टिकणार नाही असं मी लिहिलं होतं. तो आत्ता माझ्यासमोर फुटलाय." तिनं कॅमेरा खांडीकडे वळवला. "आत बघा. दगड कुठं दिसतोय का, तुम्हीच सांगा."

कानात हरेश सरांचा आवाज कडाडला, "प्रणित, कट कर! कट!"

"सर, आपल्या फेसबुक पेजवर बघणारे किती चढतायत ते बघा आधी," प्रणितचा आवाज आला.

मग सर म्हणाले, "राहू दे. खाली आपल्या वाहिनीचं नाव मोठं कर."

भाविकाला हसू आलं, पण हसायला सवड कुठली! ती ओरडूनच बोलू लागली, "भरती अजून चढतेय. ज्याच्या घरी गोणी आहे, फावडं आहे, टोपली आहे, त्यानं आमच्या बांधावर यावं. शाळेमागच्या रस्त्यानं या, टेम्पो इथवर येतो. नुसतं बघत बसू नका, या!"

इयरफोन काढून तिनं फोन ओढणीनं उघाडीच्या खांबाला बांधला, कॅमेऱ्याचं तोंड खांडीकडे केलं, आणि स्वतः टोपली घेऊन रांगेत शिरली.

आधी शेजारच्या गावात दिलेली तिची बहीण सरू आली, दीर-जावांना मोटरसायकलींवर घालून. मग खाडीपलीकडची माणसं होडीनं आली. आणि मग पेणहून, गणपतीच्या कारखान्यातून, रिकाम्या गोण्यांनी भरलेला टेम्पो हॉर्न वाजवत आला. "ताई, बघितला तुमचा लाईव्ह! कुठं टाकू?" ड्रायव्हर लांबूनच विचारत होता. कोण कुणाचं, काही कळत नव्हतं. गोण्या भरत होत्या, हातोहात पुढं जात होत्या, पाण्यातले गडी "आन! आजून आन!" म्हणून ओरडत होते. शेवटच्या गोण्या पडल्या आणि गुणाजी त्यांच्यावर चक्क मांडी घालून बसला. खाडी बांधाशी काठोकाठ आली, हिंदकळली, पण आत आली नाही.

बांधावर एकच जल्लोष झाला. खालची वावरं गेली होती. वरचं भात उभं होतं.

प्रणितनं लाईव्ह थांबवलं आणि लगेच फोन वाजू लागला. पदराला हात पुसून हौसानं तो सोडला आणि लेकीच्या कानाला लावला.

"कमाल केलीस, भाविका! संध्याकाळी खुर्चीवर ये. फक्त ती पोस्ट तेवढी पुसून टाक, म्हणजे विषय संपला."

"काय म्हनतो गो?"

"परत ये म्हणतात, आये. लिहिलंय ते पुसून टाक म्हणतात."

हौसानं लेकीकडे पाहिलं. कोपरापर्यंत चिखल. मग तिनं फोन आपल्या तोंडाशी नेला.

"सायेब, पोरीचे हात भरलेत. आता काय पुसाया जमाचा नाय."