डाग कशाचा

"घास. अजून घास. आणि ते जंतुनाशक ओत चांगलं, हात आखडू नकोस," लाँड्रीवाला बाथरूमच्या दाराबाहेरून म्हणाला.

आतून उस्ताद ओरडला, "अरे, माणूस आहे मी, कॉलर नव्हे! आग होतेय सगळीकडे."

उस्ताद म्हणजे लांब पल्ल्याच्या बसचा ड्रायव्हर. दोघं कित्येक वर्षं या दोन खोल्यांत राहत होते. घरमालकीण काकूंच्या लेखी मावसभाऊ. ती मावशी कुठे असते, हे काकूंनी कधी विचारलं नाही, आणि यांनीही सांगायची घाई केली नाही.

काल रात्री दोघं जवळ आले. निरोध नव्हता. त्यांच्यात तो बरीच वर्षं नव्हताच. 'घरात कसली छत्री उघडायची,' असं उस्ताद म्हणायचा. काल मात्र लाँड्रीवाल्याला ती हवी होती. उस्ताद फेरीवर असताना तो एकदा, एकदाच, एका अनोळखी माणसाबरोबर गेला होता. पण आता छत्री मागायची म्हणजे सगळं कबूल करायचं. तो गप्प राहिला. सकाळी चहा टाकताना त्या माणसाचा फोन आला. "माझ्या तपासणीत एचआयव्ही निघालाय. तूही करून घे," एवढंच तो म्हणाला.

त्याला रडू आलं नाही. आतलं सगळं बधिर झालं. त्यानं गॅस बंद केला, उस्तादला उठवून बाथरूममध्ये ढकललं, आणि रक्ताचा ठिपका पडलेली पलंगावरची चादर ओढून उकळत्या पाण्यात बुडवली. मग स्वतःही कातडी सोलवटेपर्यंत घासून घेतलं.

दुकानात इस्त्र्या तापल्या होत्या. एका बाईंनी पांढरा कोट पुढे केला.

"डाग कशाचा?" त्यानं सवयीनं विचारलं.

"अं... सरबत सांडलं."

"बाई, खरं सांगा. मला तुमची लाज काढायची नाहीये, डाग काढायचाय. चुकीचं औषध लागलं तर जन्मभर बसेल."

बाई ओशाळल्या. केसांचा कलप होता. हा त्याच्या दुकानाचा कायदाच होता. डाग कशाचा हे कळल्याशिवाय तो कपडा हातात घेत नसे. शहाणा माणूस! आणि स्वतःच्या घरात तोंडाला कुलूप.

दुपारी त्यानं शटर अर्धं ओढलं आणि सरकारी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आधी ते घासणं थांबवा," त्या म्हणाल्या. "बाहेरून साध्या पाण्यानं धुतलं की झालं. आत साबण नको, पाण्याचा मारा नको, जंतुनाशक तर अजिबात नको. कातडी सोलवटली की जंतूला उलट वाट मिळते. हे धुऊन जात नाही हो. त्याला गोळ्या आहेत. तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, आणि जितका उशीर तितका उपयोग कमी. जोडीदाराला आजच पाठवा. तुमची तपासणी करू. काही निघालं तरी औषध आहे, घाबरू नका."

"त्याला काय सांगून पाठवू?"

"खरं सांगून."

फोन ठेवून तो शर्ट इस्त्री करत बसला. एक झाला, दुसरा घेतला. सांगितलं तर उस्ताद सोडून जाईल. नाही सांगितलं तर तोच जिवाला मुकेल. हे त्याला अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि तरी वाटत काहीच नव्हतं. हात चालत होते. शेवटी इस्त्री एका बाहीवरच राहिली, कापड जळल्याचा वास आला, तेव्हा तो उठला. गिऱ्हाईक उभं असताना त्यानं दुकान बंद केलं.

घरी उस्ताद पलंगावर बसला होता. मांडीवर वाळलेली चादर होती. तिच्यावरचा लहानसा तपकिरी डाग आता पक्का झाला होता.

"शेठ," उस्ताद म्हणाला. एका शटरच्या दुकानदाराला तो थट्टेनं शेठ म्हणायचा. आज आवाजात थट्टा नव्हती. "असले डाग गरम पाण्यात शिजतात, कायमचे बसतात, हे मला कुणी शिकवलं?"

"मी."

"मग डाग कशाचा?"

लाँड्रीवाला भिंतीला टेकला. मग त्यानं सांगितलं. तो माणूस, सकाळचा फोन, काल रात्रीचं गप्प राहणं. काही वगळलं नाही. "तुला आत्ताच्या आत्ता जायला हवं. मग मला सोडून जा, मार, काय वाटेल ते कर. आधी गोळी घे."

उस्तादनं चादरीची घडी घालून ती बाजूला ठेवली. मग त्यानं खिशातून गोळ्यांची डबी काढून पलंगावर ठेवली. तिचं सील तुटलेलं होतं.

"तू चादर उकळत्या पाण्यात घातलीस, तेव्हाच कळलं काहीतरी भयंकर झालंय. मला घासायला का लावतोयस, तेही उमगलं. डेपोत दर वर्षी त्या रोगाचं शिबिर घेतात, झोपा काढत नाही मी तिथे. तू दुकानात गेलास आणि मी दवाखान्यात. पहिली गोळी सकाळीच घेतली." त्यानं डबीचं झाकण पुन्हा घट्ट बसवलं. "दिवसभर एवढंच बघत होतो, की तू मला सांगतोस, की नुसता धूत बसतोस."