एकटीला उचलता येईल असा

“हाच घेऊ,” काजल म्हणाली. तिनं काळा ट्रायपॉड दोन्ही हातांनी गदगदा हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही. “पाह्य, खांबासारखा हाय.”

“खांबाएवढाच जड बी हाय,” आकांक्षा म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. “देवेंद्रभाऊ, हलका दाखवा ना. पण आमच्या खिशाले झेपन असा.”

वर्ध्यातल्या त्या दुकानात भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. दारातला कूलर खडखडत होता. काजल आणि आकांक्षा अल्लीपूरच्या. लग्नघरी बायकांच्या कार्यक्रमांचं शूटिंग दोघी मिळून करायच्या. आकांक्षा हातातल्या कॅमेऱ्यानं चेहरे टिपत फिरायची. ट्रायपॉड लावून व्हिडिओ आणि ग्रुप फोटो काढायचं काम काजलचं. जुन्या ट्रायपॉडचा एक पाय मधूनच आत घसरायला लागला होता आणि उद्या गिरडला हळद होती.

देवेंद्रभाऊंनी आधी कार्बनचा काढला. हलकाही होता आणि पक्काही. किंमत ऐकून दोघींनी त्याला दुरूनच नमस्कार केला. मग त्यांनी ॲल्युमिनियमचा एक बारीक ट्रायपॉड पुढे ठेवला. काजलनं तो दोन बोटांनी उचलला.

“हे तर कपडे वाळवाचं हाय.”

“लावून तर पाह्य.”

काजलनं त्याचे पाय पूर्ण ताणले, कॅमेरा बसवला आणि सगळा थाट नेऊन कूलरच्या झोतात उभा केला. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर झूम केलं. स्क्रीनवर तारखा लटलट हलत होत्या.

“पाह्य आता. मांडवातला कूलर याच्या दुप्पट राह्यते. नवरीचं नाक बी थरथरन.”

देवेंद्रभाऊ हसले आणि तो ट्रायपॉड उचलायला पुढे झाले. आकांक्षा हसली नाही.

“राहू द्या भाऊ तो,” ती म्हणाली. “एकटीले उचलता येईन असाच पायजे.”

काजलचा हात कॅमेऱ्यावरच थांबला.

“एकटीले?”

देवेंद्रभाऊ कव्हर शोधायच्या निमित्तानं आतल्या खोलीत गेले.

“तुले कोणी सांगतलं?” काजलनं हळूच विचारलं.

“कोणीच नाई. परवा आंजीच्या लग्नात हळदीचं ताट जवळून गेलं अन् तू तोंड फिरवलं. मंग स्टँड घेऊन गच्चीवर चढली तं भिंतीले टेकून उभी राह्यली. दिवसभर लोकायचे तोंडं पाहाचंच काम हाय माहं. तुयं नाई दिसन का?”

काजल फरशीकडे पाहत राहिली. “पाचवा लागला,” ती म्हणाली. आणि मग घाईघाईनं, “पण मले उचलता येते. उद्या पाह्यजो तू. हा जडवाला बी उचलून दाखवतो.”

“काऊन सांगतलं नाई वं मले?”

“काय सांगू? तुले वाटलं असतं, आता हिचं काय खरं हाय. दुसरी कोणी पाह्यली असती तू.” तिचा आवाज बारीक झाला. “आता एकटीच जातो म्हणून राह्यली ना?”

आकांक्षानं तिच्या दंडावर एक चापट मारली.

“येडी हाय का? एकटी म्हंजे तू! मले उचलता येऊन काय फायदा? मले त्याचे पाय बी सरळ उघडता येत नाई. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, का पुन्हा तारखा सुरू होतीन. तवा तू कडेवर लेकरू घेशीन का हे मुसळ?”

काजलनं ओढणीनं नाक पुसलं. बराच वेळ ती त्या बारीक ट्रायपॉडकडे पाहत उभी राहिली. मग तिनं त्याचा मधला दांडा पूर्ण खाली बसवला. खालचे काडीसारखे पाय आत ढकलले, वरचे जाड तेवढे बाहेर ठेवले. ट्रायपॉड कमरेच्याही खाली आला. मधल्या दांड्याखालच्या आकड्याला तिनं स्वतःची बॅग अडकवली. बॅगेत पाण्याची बाटली होती, चार्जर होते, डबा होता. बॅगेचं बूड फरशीला जरा टेकेल असं तिनं पाहिलं.

“कूलर फुल कर.”

आकांक्षानं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दुकानातली बिलं फडफडली. काजल उकिडवी बसली आणि स्क्रीनकडे पाहू लागली. कॅलेंडरवरच्या तारखा जागच्या जागी होत्या. एकादशीखालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

“नाई हालत,” ती म्हणाली. तिलाच नवल वाटलं होतं. “पण बसून काढा लागन.”

“मंग बस ना. नवरीच्या मावशीले उठवू अन् तिची खुर्ची तुले देऊ.”

काजल खुदकन हसली. हसता हसता तिनं आकांक्षाचा हात धरला आणि उठून उभी राहिली.

देवेंद्रभाऊ रिकाम्या हातांनीच बाहेर आले. “कव्हर काही सापडत नाही, ताई. उद्यापर्यंत मागवून ठेवतो.”

“राहू द्या, भाऊ. असाच नेतो,” काजल म्हणाली.

बाहेर ऊन अजून रखरखत होतं. काजलनं एका खांद्यावर बॅग घेतली आणि दुसऱ्यावर ट्रायपॉडचा पट्टा टाकला. आकांक्षानं मागितला, तरी दिला नाही. थोडं पुढे गेल्यावर खांद्याला वजनच जाणवेना, म्हणून ती थबकली आणि तिनं हात मागे नेऊन ट्रायपॉड खांद्यावर आहे ना ते चाचपलं.

“हाय,” मागून येणारी आकांक्षा म्हणाली. “चाल तू. मी पाहून राह्यली.”